एका कानात इअरफोन

साशंक : खेड्यातल्या शाळेत तंत्रज्ञान कशाला म्हणतात ते आधी सांगते, म्हणजे आपलं बोलणं हवेत जायला नको. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक इंटरॅक्टिव्ह पॅनेल असतो, धूळ बसू नये म्हणून त्यावर जुनी चादर टाकलेली असते. वीजबिल थकलं की जोडणी तुटते आणि बिल कुठल्या पैशातून भरायचं हा वाद दरवर्षी नव्यानं होतो. पुस्तकात क्यूआर कोड आहेत. ते शिक्षकानं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर उघडायचे. तरी माझी तक्रार नाही, कारण बाकीच्या पोरांना त्यातून काही ना काही मिळतं. पण माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. त्या कोडचं तिनं काय करायचं? तो पानावर नेमका कुठं छापलाय हेच तिला कळत नाही. बरं, शेजारणीनं फोन धरला. व्हिडिओ सुरू झाला. आधी संगीत, मग एक गोड आवाज म्हणतो, ‘बघा हं, पाणी इथून असं वर जातं, आणि मग हे असं खाली येतं.’ जलचक्र संपलं! वर्गातल्या सगळ्यांना पूर्वी माझा फळा दिसायचा आणि तिला दिसायचा नाही. आता सगळ्यांना फळा दिसतो, व्हिडिओ दिसतो, खेळ दिसतात, आणि तिला यातलं काहीच दिसत नाही. म्हणजे अंतर वाढलं की कमी झालं? समावेशक शिक्षणाच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला तंत्रज्ञानाची आरती होते. तेव्हा मला ही मुलगी आठवते आणि टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत.

आग्रही : त्या व्हिडिओची बाजू मी घेणार नाही. परितेवाडीच्या शाळेत डिसले सरांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ती पद्धत पुढं राज्यभर गेली, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्या कल्पनेत खोट नाही; कोडच्या पलीकडं काय ठेवलं, खोट त्यात आहे. पण बाई, रागावू नका, एक विचारतो. फळ्यासमोर उभं राहून तुम्ही काय म्हणता? ‘या बाजूतून ही वजा केली की हे उरतं’ असंच ना? मी अख्खं शालेय गणित ‘हे’, ‘ते’ आणि ‘असं’ या तीन शब्दांत ऐकलंय. व्हिडिओनं हा दोष जन्माला घातला नाही. तुमचा होता तोच त्यानं उचलला आणि रेकॉर्ड केला. रेकॉर्ड झाल्यामुळे निदान आता तो पुरावा म्हणून दाखवता येतो, आणि दुरुस्त करून मागता येतो. फळ्यासमोरचं वाक्य तास संपला की संपायचं. तक्रार करायची तरी कशाची?

आणि फळ्याच्या जमान्यात आम्हा अंधांचं कसं चालायचं तेही ऐका. कॉलेजात माझ्यासाठी वाचक लागायचा. संध्याकाळी कोण मोकळा आहे, कुणाची परीक्षा जवळ आलीय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, यावर मी त्या दिवशी काय शिकणार ते ठरायचं. वाचणाऱ्याला कंटाळा आला की तो परिच्छेद गाळायचा. मला कळायचं, पण मी बोलायचो नाही. पुढं कॉम्प्युटर बोलायला लागला. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांनी उभा केला, मायकेल करन आणि जेम्स तेह. दोघंही अंध. तो फुकट आहे आणि मराठीही वाचतो. आता मी रात्री दोन वाजता कुणाच्याही पाया न पडता पुस्तक वाचू शकतो, तेही डोळस माणसाला शब्द पकडता येणार नाहीत इतक्या वेगानं. तुम्ही अंतर मोजताय पुढं गेलेल्या पोरांपासून. मी जिथून निघालो तिथून मोजतो, इतकाच फरक.

साशंक : मोजमाप कुठून करायचं यावर मी भांडत नाही. पण तुम्ही त्या वाचनापर्यंत पोहोचलात ते मोठे झाल्यावर, शहरात आल्यावर, भाषा पक्की झाल्यावर. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला फोन मिळाला. टॉकबॅक, म्हणजे फोनवरचा स्क्रीन रीडर, कसा चालवायचा ते मी आधी शिकले, मग तिला शिकवलं. ती चटकन शिकली, माझ्यापेक्षा कितीतरी चटकन. मग आली घटक चाचणी. प्रश्नपत्रिका वरून आलेली, पीडीएफमध्ये. तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, ‘बाई, हा वेड्यासारखं बोलतोय.’ नुसती इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टिंबं. मला वाटलं फोन बिघडला. शेवटी मी कोपऱ्यात बसून तिला वाचून दाखवली, आणि वाचून दाखवायला मी आहेच तर फोन कशाला, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

आग्रही : तो फोन वेडा नव्हता, बाई. तो प्रामाणिक होता. हे जरा सविस्तर सांगू द्या, कारण समावेशक शिक्षणावरच्या भाषणांत हे येत नाही आणि आमचं निम्मं आयुष्य यात गेलंय. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, यायच्या आधी मराठी टाइप करायला जे फॉण्ट निघाले, शिवाजी, कृतिदेव, सुरेख वगैरे, त्यांनी एक चलाखी केली. कॉम्प्युटरला फक्त रोमन अक्षरं साठवता यायची. म्हणून साठवायचं रोमन अक्षरच, आणि पडद्यावर त्याच्या जागी चित्र काढायचं देवनागरीचं. डोळ्याला मराठी दिसतं; कॉम्प्युटरच्या पोटात मात्र मराठीचा पत्ता नसतो. स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, पोटातलं वाचतो. म्हणून तो जे आहे ते बोलला. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली १९९१ साली. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, तरी ऑपरेटरच्या बोटांना जुना कळफलक बसलाय, छापखान्याची जुनी फाइल तयार आहे, आणि छापून आल्यावर कुणालाच फरक दिसत नाही. ‘कुणालाच’ म्हणजे अर्थात तुम्हा डोळसांना. पूर्वी आमच्यासमोर कागद असायचा, तो न वाचता येणं हा निसर्गाचा भाग मानला जायचा. आता माझ्यासमोरची भिंत कुणीतरी अमुक दिवशी अमुक टेबलावर बसून बांधलेली असते, आणि ती पाडायला खर्च शून्य येतो. युनिकोडमध्ये टाइप करायचं, बस्स. तुम्हाला यात तंत्रज्ञानाचा पराभव दिसतो. मला इतिहासात पहिल्यांदाच जबाबदार माणूस दिसतो.

साशंक : दिसतो, पण सापडतो का? ऑपरेटर म्हणतो मला फाइल तशीच आली. केंद्रप्रमुख म्हणतात वरून आली. ‘वर’ फोन केला की सांगतात, मॅडम, तुम्हीच टाइप करून द्या ना, एकच तर मुलगी आहे. आणि मी केली टाइप. रात्री बसून, मोबाइलवर. आकृतीचा प्रश्न होता, तो शब्दांत लिहिताना उत्तरच सांगून टाकत्येय की काय अशी भीती वाटत होती. तेव्हा कळलं की हे नुसतं टायपिंग नाही, ही एक वेगळी विद्या आहे आणि ती मला कुणी शिकवलेली नाही. तुम्ही म्हणता खर्च शून्य. शून्य नाही, सर. तो खर्च माझ्या रात्रीच्या खात्यावर पडतो.

बरं, सगळ्या फाइली सुधारल्या असं धरू. तरी मला त्याहून मोठी काळजी आहे. ही मुलगी वाचत नाही, ऐकते. तिच्या तोंडी उत्तरांना वर्गात तोड नाही. पण तिला लिहायला सांगितलं तेव्हा उघड झालं की ‘दिन’ आणि ‘दीन’ तिच्यासाठी एकच शब्द आहे. ‘सुत’ आणि ‘सूत’ही. जोडाक्षर कुठं तुटतं, अनुस्वार कुठं येतो, नवा परिच्छेद कुठं सुरू होतो, यातलं काही कानाला कळत नाही. डोळस मुलाला आपण नुसतं ऐकवून साक्षर म्हणत नाही, मग हिला का म्हणायचं? फोन आल्यावर घरच्यांनी ब्रेलची पाटी माळ्यावर टाकली. फोन सगळं बोलतो म्हणे, टोचत कशाला बसायचं. मला भीती वाटते की आम्ही तिला स्वस्तात निरक्षर ठेवतोय, आणि वर त्याला आधुनिक म्हणतोय.

आग्रही : या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला आहे, फक्त वेगळ्या दारानं आलोय. माझी बोटं ब्रेलवर वाढली. भारती ब्रेल १९५१ साली ठरली, तिच्यात ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराला वेगवेगळी चिन्हं आहेत, आणि वेलांटी व्यंजनाच्या आधी नाही, उच्चाराच्या क्रमानं नंतर येते. ‘दीन’मधला दीर्घ मला बोटाला लागतो. तेव्हा पाटी माळ्यावरून खाली आलीच पाहिजे, यात वाद नाही. पण ब्रेलही तंत्रज्ञानच आहे हे विसरू नका, आणि तिला विरोध कुणी केला तेही. पॅरिसच्या अंधशाळेत मुलांना आधी उठावाची रोमन अक्षरं वाचायला लावत. ती बोटाला नीट लागायची नाहीत, पण शिक्षकांना दिसायची. लुई ब्रेलच्या ठिपक्यांवर मुलं तुटून पडली, तर १८४० साली आलेल्या संचालकांनी ते ठिपकेच बंद केले. त्या काळचा युक्तिवाद असा होता की डोळसांना न येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडेल. सरकारी मान्यता मिळाली १८५४ साली. ब्रेल १८५२ मध्येच गेला होता. म्हणून ‘या साधनानं मूल एकटं पडेल’ असं कुणी कळवळून म्हटलं की माझे कान टवकारतात. हे वाक्य जवळपास दोनशे वर्षं जुनं आहे आणि बहुतेक वेळा ते डोळसांनी म्हटलेलं आहे.

राहिला प्रश्न कान की बोट. एकाच पुस्तकाचे ब्रेलमध्ये चार-चार जाड खंड होतात; दप्तरात मावत नाहीत, वर्ष अर्धं संपल्यावर येतात. ब्रेल डिस्प्ले नावाचं यंत्र आहे, त्यात तीच फाइल ठिपक्यांनी वर येते, एक ओळ वाचली की पुढची. तो खरा संगम. फाइल एक, ऐकायची तर ऐका, टोचून वाचायची तर वाचा.

(या ठिकाणी लेखकाला राहवत नाही म्हणून : आग्रहीनं प्रश्नाला इतिहासानं उत्तर दिलं आणि यंत्राची किंमत गिळली. स्वस्तातला स्वस्त ब्रेल डिस्प्लेही खेड्यातल्या घरात असणाऱ्या फोनपेक्षा कितीतरी महाग पडतो. साशंकेच्या ते लगेच लक्षात यायला हवं होतं, पण तिचं मन दुसरीकडे गेलेलं दिसतं.)

साशंक : तुम्ही सारखे अंधत्वाबद्दल बोलता, साहजिक आहे. पण कायद्यात अपंगत्वाच्या सात प्रकारांचे आता एकवीस झालेत. वर्गात एक मुलगा कर्णबधिर आहे. तुमचा बोलणारा फोन त्याच्या काय कामाचा? उलट तिच्यासाठी मी सगळं बोलून सांगायला लागले की याच्यासाठी तास कोरडा जातो, आणि याच्यासाठी चित्रं लावली की तिच्यासमोर भिंत उभी राहते. मला कुणीतरी सांगितलं, याच्यासाठी सांकेतिक भाषेतले व्हिडिओ आहेत. आहेत खरे. सांकेतिक भाषेवर काम करणाऱ्या दिल्लीच्या संस्थेनं, आयएसएलआरटीसीनं, दहा हजार शब्दांचा कोश केलाय, एनसीईआरटीची पुस्तकं त्या भाषेत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला. मी पॅनेलवरची चादर काढली, व्हिडिओ लावला. मुलगा बघत राहिला. त्याला तो व्हिडिओ कळेना, कारण त्याला सांकेतिक भाषाच येत नाही! कुठून येणार? आई-वडील ऐकणारे, वाडी ऐकणारी, शाळा ऐकणारी. त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारं एकही माणूस त्याला पाच कोसांत भेटलेलं नाही. घरात चार खाणाखुणा, बाकी अंधार. भाषा काही पेन ड्राइव्हमध्ये भरून पाठवता येत नाही, सर. ती माणसांच्या मध्ये असते. कुणाशी तरी भांडून, कुणाला तरी हसून, खोटं बोलून ती येते.

आग्रही : इथं मी पाहुणा आहे, ते मान्य. कर्णबधिरांच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नाही, आणि अंध माणसानं ‘तंत्रज्ञान सगळ्यांना मुक्त करतं’ असं म्हणणं हा उद्धटपणाच. तरी दोन गोष्टी. एक, तुम्हाला जे भिंतीसारखं वाटतं की हिला उपयोगी ते त्याला निरुपयोगी, ते कागदाच्या बाबतीत खरं आहे. नीट केलेल्या फाइलचं तसं नाही. चित्राखाली वर्णन लिहिलेलं असेल तर मला चित्र ऐकू येतं आणि त्याला दिसतं. आवाजाखाली मजकूर असेल तर मी ऐकतो आणि तो वाचतो. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला तोच मजकूर सावकाश ऐकता येतो. हे तीन वेगळे खर्च नाहीत. सुरुवातीला एकदा घेतलेली काळजी आहे. नंतर ठिगळं लावायला गेलं की मात्र तिप्पट खर्च, आणि ठिगळ ते ठिगळच.

दुसरी गोष्ट. त्या व्हिडिओनं मुलाला भाषा दिली नाही. पण तुम्हाला? तुम्ही तो कोश उघडून रोज चार खुणा शिकलात का? वर्गातल्या तीस पोरांना शिकवल्यात का? कर्णबधिर मुलाला यंत्रानं बोलकं करायचं की ऐकणाऱ्या वर्गाला खुणा शिकवायच्या? तंत्रज्ञान नेहमी अपंग मुलाच्याच हातात का द्यायचं? जे कमी पडतात त्यांना द्या. या प्रकरणात ते बाकीचे तीस आहेत.

साशंक : हे मला पटलं. खरंच पटलं, आणि म्हणूनच आता जे बोलणार आहे ते जास्त गंभीरपणे घ्या. तुम्ही साधनाकडं शाळेच्या आतून बघता. मी ते वरून येताना बघते. वरून येताना साधनाचा अर्थ बदलतो. प्रशस्त नावाचं ॲप आहे. मुलांमधली अपंगत्वाची लक्षणं लवकर ओळखण्यासाठी एनसीईआरटीनं केलेलं, हेतू उत्तम. शिक्षकानं प्रश्नांना होय-नाही म्हणायचं, माहिती भरायची. भरली. मग? विशेष शिक्षक आमच्या भागात फिरता असतो, कंत्राटी, आणि त्याच्याकडं इतक्या शाळा की त्याचं वर्ष मोटरसायकलवर जातं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, पुढच्या वर्गांना पंधरामागे एक. ॲप मात्र वेळेवर येतं, न्यायालयानं काही न सांगता येतं. कारण ॲपला पगार नाही, पेन्शन नाही, बदली नाही.

आणि मला रात्री झोप येऊ देत नाही ती गोष्ट वेगळीच. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क मिळाला. हक्क चांगला आहे, ज्याला घराबाहेर नेणंच शक्य नाही त्याच्यासाठी. पण टॅबलेट आला आणि त्या हक्काला चाकं लागली. मुलाला उचलून आणायला माणूस नाही? रॅम्प तुटलाय? मोठ्या मुलीला नेता येईल असं शौचालय नाही? मग घरीच टॅबलेट द्या. पटावर नाव, ॲपवर हजेरी, अहवालात शंभर टक्के समावेशन. मूल मात्र ओसरीवर, एकटं, व्हिडिओसमोर. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सगळ्या मुलांनी हे सोसलं आणि सगळ्या देशानं हळहळ केली. या मुलांसाठी ती व्यवस्था कायमची होऊ घातलीय, आणि आता तिला सोय म्हणतात.

आग्रही : यावर माझ्याकडं खोडून काढणारं उत्तर नाही. फक्त हे म्हणतो की रॅम्प न बांधण्यासाठी टॅबलेट पुढं करणारा माणूस टॅबलेट नसता तर रॅम्प बांधत होता का? तो तेव्हा ‘मुलाला झेपणार नाही’ म्हणायचा. निमित्त बदललं, माणूस तोच आहे. आणि त्या माणसाशी भांडायलाही मला फोनच लागतो. माहितीचा अर्ज, कायद्याचं कलम, निकालपत्र, हे मी आता स्वतः वाचतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुविधा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. तो खटला कशावरून होता माहीत आहे? बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापणी लववायला सांगतात, आणि ॲसिडहल्ल्यात चेहरा होरपळलेल्या बाईला ती लववता येत नव्हती. अशी एकेक पापणी पकडून भांडावं लागतं. शाळेच्या बाबतीत ती पापणी म्हणजे तुमची पीडीएफ. ‘युनिकोडमध्ये नसलेली प्रश्नपत्रिका स्वीकारली जाणार नाही’ अशी एक ओळ खरेदीच्या अटीत आली तर तुमच्या किती रात्री वाचतील!

साशंक : ओळ येईल. आणि परीक्षा? वर्षभर ही मुलगी फोनवर वाचेल, टाइप करेल. दहावीला लेखनिक शोधायचा, खालच्या वर्गातला. तिला उत्तर येत असून त्याला शब्द लिहिता आला नाही तर गुण तिचे जाणार. लॅपटॉपवर लिहू द्या म्हटलं तर तो अपवाद, त्यासाठी अर्ज, हेलपाटे. आणि गणित? सवलत आहे, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्या. सगळे आनंदानं सांगतात, घ्या हो, पास तर होईल.

आग्रही : ती सवलत मी घेतली होती. प्रेमानं देऊ केली होती, म्हणून नाही म्हणता आलं नाही. पंधराव्या वर्षी विज्ञानाचं दार बंद झालं आणि वर पेढे वाटले गेले. आज समीकरण नीट मांडलेलं असेल तर स्क्रीन रीडर ‘अंशात अमुक, छेदात तमुक’ असं वाचून दाखवतो. समीकरणाचं चित्र चिकटवलेलं असेल तर गप्प बसतो. आकृती उठावाच्या कागदावर काढून बोटाखाली देता येते. म्हणजे सवलत देण्याचं कारणच हळूहळू सरकतंय, पण सवलत जिथल्या तिथं आहे. ती दयेपोटी आहे, म्हणून कुणी तिला हात लावत नाही.

साशंक : आता मात्र मला माझ्या मूळ काळजीकडं येऊ द्या. तुम्ही पॅरिसचा दाखला देऊन मला गप्प केलंत, पण मी जे बघते ते बघते. फोन यायच्या आधी तिच्या शेजारी एक मुलगी बसायची. धडा हळू आवाजात वाचून दाखवायची, फळ्यावरचं सांगायची, आणि मधूनच सरांची नक्कलही. दोघी खिदळायच्या. मी रागवायची. आता ही एका कानात इअरफोन घालते, दुसरा कान वर्गासाठी मोकळा. वाचन तिप्पट झालं. शेजारीण दुसऱ्या बाकावर गेली. वाईट वाटून नव्हे, गरज उरली नाही म्हणून. वर्गात हशा पिकतो तेव्हा हिचा चेहरा जरा उशिरा हसतो. मी याला प्रगती म्हणू की नको?

आग्रही : म्हणा. आणि का म्हणा ते सांगतो, जरा खासगी आहे. वसतिगृहात एक मित्र मला वाचून दाखवायचा. चांगला मुलगा. पण तो जातीवरून काहीबाही बोलायचा, आणि मी ऐकून घ्यायचो. एकदाही उलट बोललो नाही. कारण सोमवारी पेपर असायचा. माझ्याकडं बोलणारा कॉम्प्युटर आला त्या वर्षी मी त्याच्याशी पहिल्यांदा कडाडून भांडलो. महिनाभर बोललो नाही. नंतर आमचं जमलं, अजून जमतं, आणि तेव्हापासूनच ते बरोबरीचं आहे. तुम्हाला त्या दोघींचं खिदळणं दिसलं. त्यातल्या एकीला दुसरीला दुखवणं परवडत नव्हतं, हे वरून दिसत नाही. गरज संपल्यावर शेजारीण उठून गेली असेल तर त्या बाकावर मैत्री किती होती आणि मदत किती, हे तपासायला हवं. माझ्या मते मुलाला आधी ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. मग ‘हो’ला किंमत येते.

साशंक : तुमच्याकडं वसतिगृह होतं, सर. भांडायला माणूस होता. साधन यायच्या आधी तुम्हाला माणसांची सवय झाली होती, म्हणून साधनानं तुम्हाला मोकळं केलं. हिला मैत्री जमायच्या वयातच साधन मिळालं. मुलं मैत्रीच्या शुद्ध हेतूनं एकत्र येत नाहीत. रबर मागायला येतात, डब्यातलं लोणचं बघून येतात. गरज हे निमित्त असतं. ते निमित्तच काढून घेतलं तर पहिलं पाऊल कुणी टाकायचं? ‘नको’ म्हणायलाही कुणीतरी आधी विचारायला आलं पाहिजे.

आग्रही : मग निमित्त तिच्या परावलंबनातूनच का निघावं? तिच्याकडं काही असावं की जे मागायला इतर येतील. ती धडा तिप्पट वेगानं वाचते ना? गटकार्यात वाचन तिच्याकडं द्या. पाठ्यपुस्तकाबाहेरची गोष्ट तिनं रात्री ऐकून यावी आणि मधल्या सुट्टीत सांगावी.

साशंक : दिलं होतं. दोन दिवस गर्दी झाली. तिसऱ्या दिवशी मुलं पळापळी खेळायला गेली.

आग्रही : ते मात्र मला चांगलंच माहीत आहे.

साशंक : एक हिशेब विचारते. तालुक्याला पैसे आले. एकतर अशा सगळ्या मुलांना साधनं द्यायची, चांगली, दुरुस्तीसकट. नाहीतर कायमस्वरूपी विशेष शिक्षक नेमायचे, जे ब्रेल जाणतात, खुणांची भाषा जाणतात आणि रोज येतात. दोन्ही नाही, एकच. काय घ्याल?

आग्रही : सोळा वर्षांच्या मुलीसाठी साधन. सहा वर्षांच्या मुलीसाठी शिक्षक, डोळे मिटून. असा पर्याय समोर ठेवणाऱ्याला मी आधी दोन शिव्या देईन ते वेगळं.

साशंक : द्या. पण माझी मुलगी दहा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार. माझीही बदली येईल. तिथं तिच्यासाठी कोण टाइप करणार, मला माहीत नाही.

आग्रही : त्या शाळेतले गणिताचे सर फळ्यावर लिहिताना काय लिहितायत ते मोठ्यानं बोलतात का?

साशंक : नाही. ते मुकाट्यानं लिहितात आणि मग ‘समजलं का?’ विचारतात.

आग्रही : मग फोनच्या आधी त्यांना भेटायला हवं. मी येतो, पण मी सांगितलेलं ते सवलतीत काढतील. तुम्ही सांगितलेलं ऐकतील का?

साशंक : त्यांना वाटेल मी त्यांना शिकवायला शिकवत्येय. सुट्टीआधी एकदा जाऊन बघते. पण सर, त्यांनी विचारलं की फळ्यावरचा त्रिकोण शब्दांत कसा सांगायचा, तर मी काय सांगू? मला अजून जमत नाही.